२००-५०० वर १.४ टीसी: एका हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

या नोंदी वहीत लिहिल्या होत्या, त्या जवळपास तशाच इथे उतरवते आहे. ज्यांच्याकडे एफ/५.६ ची झूम आहे आणि जे टेलिकन्व्हर्टर (टीसी, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी, लेन्सची लांबी १.४ किंवा २ पट करणारी जोडकाच) घ्यावा की नाही या विचारात आहेत, त्यांचे पैसे आणि रविवार वाचावेत म्हणून.

१ डिसेंबर २०२४, रविवार

साहित्य: निकॉन डी५०० बॉडी, २००-५०० मिमी एफ/५.६ लेन्स आणि काल हातात आलेला टीसी-१४ई ३. तिन्ही वस्तू वापरलेल्याच घेतल्या. टीसीचे २१,५०० रुपये गेले.

घेण्याचं कारण एकच. मला लहान पक्ष्याची १२ बाय १८ इंची प्रिंट काढायची आहे. डी५०० ची फाइल ५५६८ बाय ३७१२ पिक्सेलची. पूर्ण फ्रेम वापरली तर १८ इंचांत इंचाला ३०० च्या वर पिक्सेल येतात. पण धोबी किंवा तुतारी हे छोटे पक्षी ५०० मिमीवर एवढेसे येतात, फ्रेम निम्मी कापावी लागते आणि २१ मेगापिक्सेलचे साडेदहा उरतात. प्रिंट निघते, पण पिसांचं काम जातं.

आधीचा एक धडा इथेच लिहून ठेवते. २०२१ मध्ये एका दुकानातून दुसऱ्याच कंपनीचा २एक्स कन्व्हर्टर ४,००० रुपयांना घेतला होता. १००० मिमी मिळणार या आनंदात हिशेब केलाच नाही. २एक्स दोन स्टॉप प्रकाश खातो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे एफ/५.६ चा एफ/११ होतो; एफचा आकडा मोठा तेवढा प्रकाश कमी. माझ्या बॉडीचा ऑटोफोकस एफ/८ पर्यंतच धरतो. वर त्या कन्व्हर्टरमधून कॅमेऱ्याला खरी माहिती जात नव्हती, त्यामुळे पडद्यावर एफ/५.६ दिसायचं आणि लेन्स घरघर करत पुढेमागे फिरत राहायची. चार महिन्यांत एकही कामाचा फोटो निघाला नाही. ते ४,००० गेलेच.

म्हणून या वेळी पैसे देण्याआधी दुकानातच पाहून घेतलं: काचेत टॉर्च मारून बुरशी आहे का, सोनेरी पिना झिजल्यात का, दोन्ही माउंटमध्ये खुळखुळ आहे का, आणि एक फोटो काढून त्याच्या माहितीत ७०० मिमी, एफ/८ असं येतंय का. सगळं ठीक होतं.

३ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसातून लवकर निघून गच्चीवर चाचणी. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं, अंतर अंदाजे ४० मीटर. ट्रायपॉड, टायमर, आधी ५०० मिमीवर टीसीशिवाय, मग टीसी लावून ७०० वर.

निकाल पाहून जीव खाली गेला. ७०० चा फोटो ५०० च्या फोटोपेक्षा वाईट. ५०० वाला मोठा करून शेजारी ठेवला तर त्यातली अक्षरं जास्त स्पष्ट. वस्तू परत करावी असंच वाटलं.

४ डिसेंबर, बुधवार

भाचा आला होता. त्याच्याकडे डी७२०० आहे. तो म्हणाला, "मावशी, व्हीआर बंद केलं होतंस का?" नव्हतं केलं. व्हीआर, म्हणजे हाताचा हादरा सावरणारी लेन्समधली सोय, ट्रायपॉडवर चालूच. दुसरी चूक, आरशाचा धक्का. ७०० मिमीवर आरसा वर जाताना बसणारा हादराही दिसतो. आज मिरर-अप करून (आरसा आधीच वर उचलून), व्हीआर बंद करून पुन्हा काढले. फरक मोठा पडला, तरी टीसीचा फोटो अजून किंचित धुरकट होता. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघत, सेन्सरवरून फोकस करून एक काढला, आणि तो एकदम स्वच्छ आला.

म्हणजे काच चांगली आहे, फोकस चुकतोय. हे कळायला दोन संध्याकाळी गेल्या, पण कळलं हे महत्त्वाचं. टीसीचा फोटो मऊ, म्हणजे धूसर, येतो अशी तक्रार कानावर आली की आधी लाइव्ह व्ह्यूचा फोटो मागा.

७ आणि ८ डिसेंबर, शनिवार-रविवार

फाइन ट्यून, म्हणजे फोकस पुढे-मागे चुकत असेल तर कॅमेऱ्यात आकडा देऊन ती चूक भरून काढणं. डी५०० मध्ये ते आपोआप करायची सोय आहे. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करायचा, मग एएफ-मोडचं बटण आणि व्हिडिओचं बटण दोन सेकंदांहून जास्त एकदम दाबून धरायचं.

शनिवारी हॉलमध्ये केलं. भिंतीवर वर्तमानपत्र, अंतर ५ मीटर, ट्यूबलाइटचा उजेड. सहा वेळा केलं, सहा वेगवेगळे आकडे आले: उणे २ पासून उणे १३ पर्यंत. एका आकड्यावर विश्वास ठेवून थांबले असते तर पुढचे सगळे रविवार वाया गेले असते.

रविवारी गच्चीवर, सकाळी दहाच्या उजेडात केलं. अंतर १८ मीटर, म्हणजे पक्षी जिथे असतात साधारण तेवढं. पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी चिकटवल्या आणि पुठ्ठा लेन्सच्या अगदी समोर, कुठेही तिरपा न होऊ देता ठेवला. दहा वेळा केलं. आठ आकडे उणे ६ ते उणे ९ मध्ये आले. उणे ७ ठेवला. टीसीशिवाय त्याच लेन्सचा आकडा अधिक ३ आहे. म्हणजे दोन्हींत दहा पायऱ्यांचं अंतर, आणि कॅमेरा टीसीसकट लेन्सची नोंद वेगळी ठेवतो. टीसीशिवाय लेन्स ट्यून झालेली आहे म्हणून टीसीसकटही झाली असेल, असं धरून चालू नका.

झूमला एकच आकडा देता येतो, मधल्या टप्प्यांना वेगळा नाही. मी ७०० वरचाच ठेवला, कारण टीसी लावून मी २८० वर कशाला फोटो काढेन? (हा विचार फेब्रुवारीत अंगाशी आला. खाली येईलच.)

उघड्या एफ/८ पेक्षा एफ/९ वर कडा बऱ्याच घट्ट येतात, एफ/१० वर थोड्या आणखी. एफ/११ च्या पुढे पुन्हा पसरायला लागतं. यापुढे एफ/९ हीच माझी नेहमीची सेटिंग.

१५ डिसेंबर, रविवार. कवडीपाट

पहिला खरा दिवस. लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. पाण्याला वास आहे, फेस आहे, जलपर्णी आहे, दगडांत प्लॅस्टिक अडकलेलं आहे, आणि तरी चक्रवाक, शेकाटे, धोबी, तुतारी सगळे येतात. या जागेबद्दल मला दर वेळी आनंद आणि राग दोन्ही वाटतात.

सव्वासातला पोहोचले, सूर्य नुकता वर आलेला. पाऊण तासात २१० फोटो काढले. घरी येऊन पाहते तर १९० हललेले.

कारण सरळ होतं. एपर्चर प्रायॉरिटीवर होते (एफचा आकडा मी ठरवायचा, शटरचा वेग कॅमेऱ्याने), ऑटो आयएसओची, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेची, कमाल मर्यादा ३२०० वर अडकवलेली. टीसीने एक स्टॉप खाल्लेला. कॅमेऱ्याने आयएसओ ३२०० पर्यंत नेला आणि उरलेली भरपाई शटरमधून केली: १/३२० सेकंद. डी५०० चा सेन्सर धरून ७०० म्हणजे मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरच्या हिशेबात १०५० मिमी. तिथे हातात धरून, शेपटी सतत हलवणाऱ्या धोब्यासाठी १/३२० म्हणजे काहीच नाही.

दुरुस्ती: मॅन्युअल मोड, शटर १/१०००, एफ/९, आयएसओ ऑटो, मर्यादा ८०००. दाणे आलेला फोटो नंतर सुधारता येतो, हललेल्याचं काहीच करता येत नाही. दुसरी दुरुस्ती वेळेची. साडेआठनंतर तिथेच आयएसओ १००० वर १/१००० मिळत होतं. टीसी लावायचा तर साडेआठनंतरच, त्याआधी नुसती लेन्स. पहाटेचा तांबूस उजेड टीसीसाठी नाही, हे मनाला पटायला वेळ लागला, कारण मला तोच उजेड आवडतो.

भाचा सोबत होता. त्याच्या डी७२०० वर एफ/८ ला फक्त मधला एकच फोकस पॉइंट चालतो. पक्षी दर वेळी मधोमध ठेवायचा आणि चौकट नंतर कापायची, म्हणजे ज्यासाठी टीसी लावला ते पिक्सेल पुन्हा कापण्यातच गेले. डी५०० वर १५३ पैकी १५ पॉइंट एफ/८ ला काम करतात, त्यांतले ९ हाताने निवडता येतात. नऊ कमीच आहेत, पण एकापेक्षा पुष्कळ. टीसीचे पैसे काढण्याआधी आपल्या बॉडीच्या माहितीपुस्तकात हा आकडा बघा. सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

२२ डिसेंबर, रविवार. भिगवण

साडेचारला निघालो, पावणेसातला कुंभारगावात. उजनीच्या पाण्यावर धुकं होतं. नावेचे १,५०० रुपये. रोहित पक्षी आले होते, पण लांब होते, अडीचशे मीटरवर असतील. मनात आलं, याचसाठी तर टीसी घेतला.

इथे माझी या हिवाळ्यातली सगळ्यात मोठी गैरसमजूत मोडली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सव्वाआठला काढलेले रोहित ठीक आहेत. मान आणि चोच वेगळी दिसते, पिसं नाहीत. साडेनऊला त्याच अंतरावरून काढलेल्या फोटोत पाय वितळल्यासारखे. साडेदहाला काढलेल्या फोटोत पक्ष्याची कडच नाही, गुलाबी ठिपका थरथरतोय. सेटिंग तीच, नाव तीच. तीनशे चाळीस फोटो काढले, ठेवण्यासारखे अकरा, त्यांतले रोहितचे दोन.

पाणी थंड, ऊन चढलेलं, आणि मधली हवा उकळत्या पाण्यावरच्या हवेसारखी हलते. लेन्स ती हलणारी हवाही मोठी करून दाखवते. टीसी लावला की ती आणखी मोठी. ५०० वर काढून कापलेला फोटो आणि ७०० वरचा फोटो शेजारी ठेवले, तर साडेनऊनंतर दोन्हींत काडीचा फरक नाही. अडीचशे मीटर हवेसमोर कुठलीच काच टिकत नाही.

मग उलट प्रसंग घडला. परत येताना पाण्यात उभ्या असलेल्या एका वाळक्या खांबावर ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी मासा धरून बसलेला. मी नावाड्याला थांबा म्हटलं, कारण तो उडून जाईल याची धास्ती. ते म्हणाले, "ताई, ह्यो अजून अर्धा तास न्हाय हलायचा. मासा मोठा हाय. मोटर बंद करतो, बांबूनं जाऊ." बांबूने हळूहळू ढकलत पंचवीस मीटरवर नेलं आणि स्वतःच थांबले. त्यापुढे नेऊ का, असं त्यांनी विचारलंही नाही, आणि मला ते फार आवडलं. पक्षी खात राहिला. वेळ साडेदहाचीच, हवा तीच, पण पंचवीस मीटरवरच्या फोटोत माशाचे खवले मोजता येतात. उरलेले नऊ फोटो याचे आहेत.

दोन चुका अजून. एक: ट्रायपॉड नावेत नेला. नावेची प्रत्येक थरथर पायांमधून थेट लेन्समध्ये. बाजूला ठेवून दिला, लेन्स हातात धरली, व्हीआर स्पोर्टवर. नॉर्मलपेक्षा स्पोर्टवर चौकट उड्या मारत नाही, उडत्या पक्ष्यामागे लेन्स फिरवता येते. दोन: उडणारा रोहितांचा थवा आला तेव्हा फोकस समोरच्या पाण्यावर गेला आणि तिथून परत यायला इतका वेळ लागला की थवा निघून गेला. टीसीने फोकस मंदावतो, त्यामुळे एकदा चुकला की परत यायला वेळ लागतो. लेन्सवरचा, फोकस किती अंतरात शोधायचा त्या मर्यादेचा खटका ६ मीटर ते अनंत यावर करायला विसरले होते. आता बाहेर पडतानाच करते.

आणि तिसरी, जी लिहायला जड जातेय. थव्यासाठी घाईत, नावेतच टीसी काढला. वारा होता.

२४ डिसेंबर, मंगळवार

सेन्सरवर सात डाग. आकाशाच्या प्रत्येक फोटोत दिसतात. साफसफाई ९०० रुपये, बॉडी दोन दिवस दुकानात. टीसीच्या मागच्या काचेवर पाण्याचा एक वाळलेला थेंबही होता, तो ब्लोअर आणि मऊ कापडाने निघाला.

नियम: टीसी लावायचा की नाही हे गाडीत, काचा वर करून ठरवायचं. नावेत, जिप्सीत, माळावर बदल नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

छोटी पण त्रास दिलेली गोष्ट. ट्रायपॉडवर फोटो एका बाजूला ओढल्यासारखे येत होते. फाइन ट्यून पुन्हा केलं, दुपार गेली. दोष लेन्सच्या पायाला मी लावलेल्या प्लेटचा निघाला. ती एकाच स्क्रूवर होती आणि किंचित फिरत होती. ५०० वर हे कधी जाणवलं नव्हतं. दोन स्क्रूची लांब प्लेट घेतली, १,४०० रुपये. टीसीसकट समतोलही नीट साधतो, कारण वजन थोडं मागे सरकवता येतं. लेन्स २,३०० ग्रॅम, टीसी १९० ग्रॅम. वजन फार वाढत नाही, पण हातातला तोल बदलतो.

१२ जानेवारी २०२५, रविवार. सिंहगड व्हॅली

आज टीसीने आपली किंमत वसूल केली.

किल्ल्याच्या पायथ्याचा ओढा, वर दाट झाडी. नीलिमा हा छोटा पक्षी पाण्यावर येतो, येऊन एकाच फांदीवर बसतो. मी सात मीटरवर, जमिनीवर मांडी घालून. लेन्स टेकवायची बीनबॅग जुन्या जीन्सची शिंप्याकडून शिवून घेतली, शिलाई १५० रुपये, आत अडीच किलो तांदूळ.

झाडाखाली प्रकाश इतका कमी की आयएसओ ६४०० वर १/२५० मिळत होतं, तेही एफ/८ उघडं ठेवून. कवडीपाटचा नियम इथे मोडला, आणि तो मोडणं बरोबर होतं. ही चिमणीएवढी माशीमार सावध असते, पण बसली की चार-पाच सेकंद दगडासारखी बसते. सलग सहा-सहा फोटोंचे फटके मारले, प्रत्येक फटक्यात एक-दोन तरी घट्ट. मिरर-अपला अर्थ नाही, पक्षी थांबत नाही तेवढा.

सात मीटरवर ७०० मिमी, एफ/८ म्हणजे फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम तीन सेंटीमीटर. डोळ्यावर फोकस असेल तर शेपटी जाणारच. पक्षी आडवा बसला की सगळा येतो, माझ्याकडे तोंड करून बसला की फक्त चेहरा. म्हणून फांदी अशी निवडली की पक्ष्याला आडवंच बसावं लागेल.

घरी येऊन पाहिलं. नारिंगी छातीवरचं एकेक पीस सुटं. एक फ्रेम अजिबात न कापता प्रिंटला जाईल अशी आहे.

मला आता जे म्हणायचं आहे ते स्पष्ट झालंय: टीसी लांबच्याला जवळ आणत नाही, जवळच्या लहानाला मोठं करतो. सात मीटरवरच्या पक्ष्यासाठी आणा, अडीचशे मीटरवरच्यासाठी नको.

तिथे काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावत होते. मी ते करत नाही. पक्षी त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून पिण्या-खाण्याचा वेळ सोडून धावून येतो. ओढ्याकाठी दोन तास गप्प बसलं तर तो आपणहून येतो.

२६ जानेवारी, रविवार. सुपे

मयूरेश्वर अभयारण्य, चिंकारासाठी. माळ, गवत, खुरटी झाडं. गाडीतूनच, खिडकीत बीनबॅग, इंजिन बंद.

पहिले ऐंशी फोटो मऊ. चिंकारा फक्त साठ मीटरवर, सकाळचे आठ, माळ अजून थंड. हवेला दोष देता येईना. पुन्हा वाटलं, फाइन ट्यून सरकलं. एक तास मेन्यूत आकडे बदलत बसले, उणे ७ वरून उणे ३, मग उणे १२. सगळेच मऊ.

भाचा गाडीबाहेर उतरून उभा होता. (तिथे परवानगी होती तिथेच.) त्याच्या फोटोंत चिंकाराच्या पापण्या दिसत होत्या. त्याचा कॅमेरा जुना, त्यावर टीसी तोच, मीच दहा मिनिटांसाठी दिलेला.

येताना थंडी म्हणून गाडीत हीटर लावला होता. आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडत होती, बाहेरची थंड आत येत होती, आणि लेन्स नेमकी त्या भोवऱ्यात होती. अडीचशे मीटर हवा लागत नाही, खिडकीतली अर्धा मीटर पुरते.

चारही काचा उघडून पंधरा मिनिटं बसलो, स्वेटर घातले, आणि फोटो सुधारले. आकडा परत उणे ७ वर आणला. आता अभयारण्याच्या दोन किलोमीटर आधीच हीटर किंवा एसी बंद, काचा खाली. बॉनेटवरूनही फोटो काढू नका, इंजिन तासभर तापलेलं असतं.

नऊनंतर माळ तापला आणि साठ मीटरसुद्धा गेले. टीसी काढून नुसत्या ५०० वर माळ, आकाश आणि त्यात लहानसा चिंकारा असे काढले. आजचा माझा सगळ्यात आवडता फोटो त्यातला आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार. ताडोबा, मोहर्ली

ही नोंद रात्री लिहितेय, अजून हात थरथरल्यासारखे वाटतात.

सकाळच्या फेरीला रिसॉर्टवरूनच टीसी लावून निघाले. मोरघार हा शिकारी पक्षी दिसेल म्हणून. जिप्सीत बदलायचा नाही हा माझाच नियम. मोरघार दिसली, पंधरा मीटरवर, झकास फोटो झाले.

पावणेनऊला वळणावर वाघीण झाडीतून रस्त्यावर आली. अठरा मीटर. गाइड हळूच म्हणाला, "हलू नका ताई, आता ती इकडेच येईल." आणि ती आली.

७०० वर अठरा मीटरला चौकटीची रुंदी साठ सेंटीमीटर. फक्त डोकं मावलं. झटकन झूम मागे घेतली, पण टीसी लावला की ही लेन्स २०० पासून नाही, २८० पासून सुरू होते. २८० वर दीड मीटर रुंदी. वाघीण त्यात मावत नाही. शेपूट कापलेली, नाहीतर पंजे कापलेले. ती आणखी पुढे आली तेव्हा खांदा आणि एक कान. आणि २८० वर फोकस मागे पडलेला, कारण फाइन ट्यून ७०० चं. डिसेंबरात जो विचार मी उडवून लावला होता, तो इथे समोर उभा राहिला.

नुसती लेन्स असती तर २०० वर दोन मीटरपेक्षा थोडी जास्त रुंदी मिळाली असती. निदान पहिल्या क्षणी पूर्ण वाघीण आली असती.

मग कॅमेरा खाली ठेवला आणि नुसतं पाहिलं. ती जिप्सीच्या बाजूने, मान खाली घालून, आमच्याकडे न बघता गेली. तो अर्धा मिनिट मला पूर्ण मिळाला.

१६ फेब्रुवारी, रविवार. ताडोबा

दुसरी फेरी, टीसी खोलीवर ठेवून. वाघ नाही. रानकुत्री दिसली, ३५० मिमीवर सगळा कळप एका चौकटीत. ताडोबासारख्या ठिकाणी झूमचा मोकळेपणा हाच खरा उपयोग, आणि टीसी नेमका तोच हिरावून घेतो.

२३ फेब्रुवारी, रविवार. घरच्या मागची टेकडी

ज्याचा विचारच केला नव्हता असा उपयोग. टीसी लावला तरी लेन्सचं कमीत कमी फोकस अंतर तेच राहतं, २.२ मीटर. म्हणजे तेवढ्याच अंतरावरून विषय १.४ पट मोठा. ०.२२ ऐवजी ०.३१ पट. चतुर आणि फुलपाखरं सव्वादोन मीटरवरून, त्यांना न दचकवता मिळतात. एफ/११, १/८००, ऊन भरपूर, आयएसओ १२५०. मर्यादेचा खटका पुन्हा 'फुल'वर करायला लागतो. मी विसरले आणि दहा मिनिटं लेन्सला दोष देत बसले.

मॅक्रो लेन्स नसलेल्यांनी हे नक्की करून पाहावं. शंभर फोटोंत ४२ ठेवण्यासारखे. या हिवाळ्यातलं माझं सगळ्यात चांगलं प्रमाण.

९ मार्च, रविवार. कवडीपाट

आतापर्यंतचा खर्च: टीसी २१,५००, सेन्सर सफाई ९००, प्लेट १,४००, बीनबॅगची शिलाई १५०. एकूण २३,९५०. पेट्रोल, नाव आणि ताडोबा यात धरलेलं नाही, ते तसंही झालंच असतं. फुकट गेलेला वेळ मोजला तर सहा-सात दिवस, त्यातले जवळजवळ चार फाइन ट्यूनच्या नावावर. खरा दोष निम्म्या वेळा तिथे नव्हताच.

आज साडेआठपर्यंत नुसती लेन्स, बंधाऱ्यावरचे चक्रवाक आणि उजेड. मग गाडीत बसून टीसी लावला, खटका ६ मीटरवर, एफ/९, १/१०००. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला छोटा खंड्या दगडावर बसतो हे डिसेंबरपासून पाहून ठेवलं होतं. दगडापासून नऊ मीटरवर, पाठीला झाड लावून बसले. नऊ मीटरवर चौकट तीस सेंटीमीटर रुंद, आणि खंड्या साधारण सोळा-सतरा सेंटीमीटरचा. अंदाज बरोबर बसला.

तो चाळीस मिनिटांनी आला. तीन बुड्या मारल्या, तिसरीला मासोळी घेऊन दगडावर आला, ती दोनदा आपटली, तोंड माझ्याकडे वळवलं. सतरा फोटो. नऊ घट्ट. एकात मासोळीचा डोळाही दिसतो आणि खंड्याचाही.

तो फोटो न कापता प्रिंटला दिलाय. शुक्रवारी मिळेल.